कूलर रेडिएटरच्या मागं? दाजी, थांबा जरा

ऑटोमॅटिक पिकअपवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'गिअरबॉक्सचा जादा ऑइल कूलर रेडिएटरच्या पुढं कधीच लावू नका, इंजिन तापतं. मागं फॅनच्या तोंडाशी लावा, नाहीतर चेसीखाली. कंपनीची रेडिएटरमधली लाइन बंद करा. पाइप कुठलाही चालतो.' दुर्लक्ष केलं असतं, पण काल तो आमच्या दाजींकडून आला. खाली ओळ: 'रविवारी मिस्त्रीला बोलावलंय.' दाजींचा मंडपाचा धंदा. जनरेटरची ट्रॉली मागं जोडून वैभववाडीकडची लग्नं करायची आणि येताना करूळ घाट चढायचा. म्हणजे कूलर हवाच, पण असा नव्हे.

फॅनच्या तोंडाशी म्हणे! अहो, फॅन हवा ओढतो ती रेडिएटरमधूनच. उद्यमनगरातल्या फौंड्रीत भट्टीकडून येणारा वारा अंगावर घेऊन कोण गार झालंय? हिशेबच करा. समजा बाहेर 38 अंश आणि ऑइल 100 अंश. पुढं लावलेल्या कूलरला 62 अंशांचा फरक मिळतो. तीच हवा रेडिएटरमधून जाऊन 70 अंशांची झाली, तर मागच्याला उरतात 30. उष्णता जाते ती या फरकाच्या हिशेबानं, म्हणजे कूलर तोच आणि काम निम्म्याहून कमी. शिवाय जाळी आणि फॅन यांच्यात जागा किती असते, ते बॉनेट उघडून बघा. हेडन ही कूलर बनवणारी जुनी अमेरिकन कंपनी. तिच्या बसवणीच्या कागदावरही पहिली पसंती एसीच्या कंडेन्सरपुढची, म्हणजे रेडिएटरच्या पुढं एसीची जी जाळी असते तिच्याही पुढची आहे. मागची जागा नाइलाजाची, तिथं कूलर मोठा लागतो.

पुढं लावल्यानं रेडिएटरला थोडी गरम हवा मिळते, हे खरंय. पण कंपनीची ऑइलची लाइन रेडिएटरच्या टाकीतल्या पाण्यातूनच जाते, म्हणजे ही उष्णता नाहीतरी पाण्यातच जाणार होती. अख्खी जाळी झाकणारा कूलर घेऊ नका, झालं.

कंपनीची लाइन बंद करण्यामागं एक कारण आहे, तेही मान्य करतो. टाकीतली नळी फुटली तर पाणी ऑइलमध्ये जातं आणि गिअरबॉक्स बसतो. पण घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) सगळ्यात जास्त तापतो, आणि नेमका तेव्हाच समोरून वारा नसतो. त्या वेळी पाणीच उपयोगी पडतं. म्हणून ऑइल आधी रेडिएटरमधून, मग नव्या कूलरमधून, मग परत गिअरबॉक्सला. काही गाड्यांत पाण्याचा कूलर गिअरबॉक्सलाच चिकटलेला असतो, तेव्हा लाइन कुठं जाते ते आधी बघा.

चेसीखाली लावायचा तर स्वतःचा इलेक्ट्रिक फॅन असलेलाच. बिनफॅनचा तिथं सायलेन्सरची धग खातो, आणि उसाचं गळीत सुरू झालं की चिखल आणि पाचटानं त्याच्या फिनी बुजतात.

'कुठलाही पाइप' लिहिणाऱ्याला मात्र कोपरापासून नमस्कार. पाण्याचा पाइप गरम ऑइलनं फुगून मऊ होतो, आणि सुटला तर ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर. ट्रान्समिशन ऑइलचाच, म्हणजे गिअरबॉक्सच्या ऑइलचाच पाइप घ्या. कूलर पट्ट्यांवर आवळून बसवा, जाळीतून प्लॅस्टिकचे टाय ओवू नका. ते घासून कंडेन्सरला भोक पाडतात. आणि बसवल्यावर नव्या कूलरात आणि पाइपांत ऑइल भरलं जातं, तेवढं वर घालावं लागतं. लेव्हल बघायची ती मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला, मिस्त्रीच्या अंदाजानं नाही.