होमस्कूलिंगच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी आयांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की घरी शिकणाऱ्या मुलांना पहिलीपासून इतिहास आणि विज्ञानाच्या पुस्तकांचा पूर्ण सेट विकत घ्यावाच लागतो, नाहीतर पुढे एनआयओएस, म्हणजे सरकारी मुक्त शाळा मंडळ, दहावीला बसू देत नाही. मंगळवारी मीच तो पुढे पाठवला होता, न तपासता, माझं चुकलं.

काल एनआयओएसचं प्रॉस्पेक्टस उघडून नीट वाचलं. दहावीच्या प्रवेशाला वय किमान 14 पूर्ण लागतं, आधीच्या इयत्तेचा दाखला नसेल तर स्वतःचं घोषणापत्र चालतं, आणि लहानपणी कुठली पुस्तकं वापरली हे कुणी विचारत नाही. आणि एनसीईआरटीत, म्हणजे केंद्र सरकारची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेत तरी, विज्ञान नि सामाजिक शास्त्र ही वेगळी पुस्तकं सहावीपासून सुरू होतात, त्याआधी तिसरी ते पाचवी एकच परिसराचं पुस्तक असतं, पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट मिळतं. मग सहा वर्षांच्या पोरासाठी हजारो रुपये कशाला घालायचे?

सेटशिवायही शिकणं होतंच. माझी लेक सात वर्षांची, कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाच्या सांगाड्यासमोर उभी राहून म्हणाली, आई हा मासा असून फुप्फुसानं श्वास कसा घेतो गं? तिथून सस्तन प्राणी सुरू झाले ते रात्री झोपेपर्यंत चाललं. इतिहासाचंही तसंच, सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं हे सांगायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

तो जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, आणि ज्यांना माझ्याकडून गेलाय त्यांना हा पाठवा.