ओला रुमाल सिलिकाची धूळ अडवत नाही

तळघरातल्या वर्कशॉपचा उंचसखल कोबा एका सुट्टीत घरच्या घरी सपाट करा, असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. माझ्या धाकट्या भावाने तो वाचला आणि काँक्रीट घासायचा ग्राइंडर भाड्याने आणायला निघाला, म्हणून हे लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: सगळा कोबा फोडू नका, फक्त उंचवटे घासा, तेही कोरडेच, नाकाला ओला रुमाल बांधा, धूळ खाली बसली की झाडून काढा. मग सेल्फ-लेव्हलिंगचं, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारं सिमेंटचं मिश्रण जास्त पाणी घालून ओता. आधी जमिनीला लावायचा प्रायमरचा हात लागत नाही. जमीन कोरडी दिसते ना, मग ओलीची चिंता नको. दुसऱ्या दिवशी मशिनं ठेवा.

सगळ्यात घातक आहे तो रुमाल. काँक्रीटमधल्या वाळूत आणि बहुतेक खडीत स्फटिकी सिलिका असते. डायमंड चाकाखाली तिचं पीठ होतं, आणि त्यातला जो भाग फुप्फुसात खोलवर जातो तो डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. ते कण साध्या वाळूच्या कणापेक्षा किमान शंभरपट बारीक असतात. कापडाच्या विणीतून ते आरपार जातात आणि कडेच्या फटींतूनही शिरतात. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या रोगावर तर इलाजच नाही; फुप्फुसावर पडलेले व्रण भरून येत नाहीत.

अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षा खात्याचा २०१६ चा सिलिकाविषयीचा नियम मेसेज लिहिणाऱ्याने एकदा वाचावा. आठ तासांच्या सरासरीत घनमीटरभर हवेत ५० मायक्रोग्रॅम, याच्यावर धूळ चालत नाही. हातातल्या ग्राइंडरला धूळ ओढणारं आवरण हवं, त्याला जोडलेल्या व्हॅक्यूमने चाकाच्या व्यासाच्या दर इंचामागे मिनिटाला २५ घनफूट हवा खेचली पाहिजे, आणि त्याचा फिल्टर किमान ९९ टक्के धूळ पकडणारा हवा. म्हणजे ५ इंची चाकाला १२५ घनफूट. बंदिस्त जागेत काम चार तासांवर गेलं तर याशिवाय श्वसनमास्कही. ओलं पुसणं किंवा हेपा (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा) व्हॅक्यूम शक्य असेल तिथे धूळ उडवणाऱ्या कोरड्या झाडूला तिथे बंदीच आहे. कुणी म्हणेल, हा नियम कामगारांसाठी आहे. फुप्फुसं घरच्या माणसाची वेगळी नसतात. एका दुपारीत सिलिकोसिस होतो असं मी म्हणत नाही. पण तळघरात वारा खेळत नाही. फळ्यांवर, अवजारांवर बसलेली धूळ पुढे कित्येक दिवस हलली की उडत राहते, आणि त्याच हवेत आपण रोज काम करणार असतो. घरातला साधा व्हॅक्यूम तर बारीक धूळ मागून परत खोलीतच सोडतो. चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावा, आणि दाढी असेल तर तो नीट बसत नाही हेही लक्षात ठेवा. कोब्यावर जुन्या टाइल्सचा काळा डिंक असेल तर तपासून घेतल्याशिवाय ग्राइंडर लावूच नका, त्यात फुप्फुसाला घातक असं ॲस्बेस्टॉस असू शकतं.

जास्त पाण्याचं म्हणाल तर मिश्रण लांबवर पळतं खरं, पण जड भाग खाली बसतो, वर खडूसारखा भुसभुशीत पदर येतो आणि सुकताना भेगा पडतात. मिश्रणाच्या पोत्यावर छापलेलं पाणी मापानेच घालायचं. प्रायमर वगळलात तर कोरडा कोबा मिश्रणातलं पाणी शोषून घेतो, आतली हवा बुडबुडे होऊन वर येते आणि थर नीट धरत नाही. मग कधीतरी ठोकून बघा, पोकळ आवाज येईल.

ओलीची गोष्ट तर तपासायला इतकी सोपी आहे की ती टाळण्याला काही सबबच नाही. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने बंद करून जमिनीवर किमान सोळा तास ठेवा. खाली पाणी जमलं किंवा काँक्रीट काळपट पडलं, तर आधी ओल कुठून येते ते शोधा. पाणी जमलं नाही म्हणून जमीन पूर्ण कोरडी ठरत नाही, पण जमलं तर उत्तर मिळालंच. आणि दुसऱ्या दिवशी मशिनं? थरावर चालता येणं वेगळं, आणि रंधा मशिनाच्या चार पायांचं वजन पेलणं वेगळं. दोन्हींची मुदत पोत्यावर वेगवेगळी दिलेली असते.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे, नाइलाजाने का होईना मान्य करतो: सगळा कोबा फोडायची गरज नसते, आणि उंचवटा एखादाच असेल तर सगळीकडे ओतण्यापेक्षा तेवढाच घासणं शहाणपणाचं. मी आणखी पुढे जाऊन म्हणेन, लांब सरळ पट्टी फिरवून आधी खोलगट जागा खडूने आखा. अडचण फक्त एका मशिनाच्या डुगडुगण्याची असेल तर त्याच्या पायाखाली पत्र्याची चकती सरकवा, पाणसळीने बघा आणि ग्राइंडरला हातही लावू नका.