पाती पाच असोत की एक

"पाच पाती सोडून एका पात्यावर माघारी कोण जातं रे?" बाप्यानं बसल्या बसल्याच काडी टाकली. अण्णाला सध्या सेफ्टी रेझरचा, म्हणजे एकच सुटं पातं बसवायच्या जुन्या पद्धतीच्या रेझरचा नाद लागलाय. विषय कुठलाही निघो, गडी दाढीवर येतोच.

"पाती वाढवून दाढी सुधारत असती, तर 1971 मध्ये दोन पाती आली तेव्हाच काम झालं असतं," अण्णा म्हणाला. "मग 1998 मध्ये तीन आणि 2006 मध्ये पाच कशाला लागली?"

"तू तर 1904 च्या पेटंटवर अडकलायस!"

"अडकलोय. बोथट झालं की फेकायचं, ही जिलेटची मूळ कल्पना. तुमचं कार्ट्रिज, म्हणजे पाच पात्यांचं ते अख्खं डोकं, महाग, म्हणून तुम्ही ते रडतखडत वापरत राहता."

"केसानं स्टील बोथट होतं? काहीतरीच!"

होतं. 2020 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं, की केस स्टीलपेक्षा सुमारे 50 पट मऊ असूनही पात्याच्या धारेचे बारीक टवके उडवतो. हे सांगितल्यावर बाप्या जरा दबला, पण गप्प बसेल तो बाप्या कसला! "आणि रक्ताचं काय?"

अण्णानं हवेतच दाढी करून दाखवली. रेझरच्या डोक्याचा पात्यावरचा भाग गालाला टेकवायचा, दांडा हळूहळू खाली आणायचा आणि खर्रर्र आवाज आला की तिथेच थांबायचं. कोन साधारण 30 अंशांचा. जोर अजिबात लावायचा नाही, काम रेझरच्या वजनाला करू द्यायचं. पहिला हात सुलट, मग पुन्हा फेस लावून आडवा. उलटा हात ज्याच्या कातडीला झेपेल त्यानंच मारावा. "कार्ट्रिजचं डोकं हलतं, म्हणून तुमचा दाबायचा हात खपून जातो. इथे नाही खपत."

डॉक्टर एवढा वेळ नुसता ऐकत होता. "मुळात जास्त पाती केसाला ओढून कापतात," तो म्हणाला. "म्हणून गाल गुळगुळीत लागतो. पण केस कातडीच्या खाली तुटतो आणि कुरळा असला तर वाढताना आतच वळतो. मानेवरच्या पुळ्या पुष्कळदा त्याच्याच. अशांना एक पातं मानवतं. बाकीच्यांनी उगाच चळवळ करू नये."

मला विचाराल तर अण्णा आणि बाप्या दोघंही चुकीच्या टोकाला भांडत होते. रेझर दुय्यम आहे. कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटं पाणी मुरलं की तो बराच सहज कापला जातो, मग पाती किती का असेनात. डब्यातला तयार फोम आधीच हवेनं फुगलेला, तो वरच्या वर बसतो. ब्रश मात्र गोल फिरवत पाणी आणि साबण खुंटांच्या मुळाशी नेतो. डुकराच्या केसांचा ब्रश असेल तर आधी थोडा वेळ भिजत ठेवावा लागतो, कृत्रिम केसांच्या ब्रशला त्याची गरज नाही.

फेस करताना घाई करू नये. भिजवून झटकलेला ब्रश साबणावर फिरवला की आधी चिकट, मळकट पांढरा लेप येतो. तिथेच बरेच जण थांबतात आणि मग आग होते म्हणून ओरडतात. थेंब थेंब पाणी घालत राहायचं, लेपाला चकाकी येईपर्यंत. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं, साबण वाढवायचा. चांगला फेस घट्ट दह्यासारखा ब्रशला धरून राहतो, ओघळत नाही.

"मग मी आधी काय घेऊ?" कट्ट्यावरच्या सगळ्यात लहान पोरानं विचारलं. त्याला अजून धड मिशी नाही.

"ब्रश आणि साबण," मी म्हटलं. "रेझर आहे तोच राहू दे."

"ही गद्दारी आहे," अण्णा म्हणाला.

"गद्दारी सोड, विमानानं जाताना काय करतोस?" बाप्याला अखेर मुद्दा सापडला. "केबिन बॅगेत सुटी पाती नेऊ देत नाहीत."

अण्णा अजिबात डगमगला नाही. "प्रवासात मी दाढी वाढवतो."