डब्यात जमलेलं आणि डब्यापुढे गेलेलं

‘जुना फिटर’ यांना,

तुमची प्रतिक्रिया डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली आणि माझं उत्तर मार्च संपता संपता. त्यात थोडा आळस आहेच, पण खरं कारण हे की तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. तुमचं वय ठाऊक नाही, त्यामुळे काका म्हणू की मित्रा हा प्रश्न बाजूला ठेवून सरळ ‘तुम्ही’ म्हणतो.

मागचं ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: मी दिवाळीत लिहिलं होतं की माझ्या एक लिटरच्या, तीन सिलिंडरच्या, डायरेक्ट इंजेक्शन टर्बो पेट्रोल गाडीला मी ऑइल कॅच कॅन, म्हणजे इंजिनातून येणाऱ्या वायूतलं तेल अडवणारा डबा, बसवला. ४,२०० किमीमध्ये त्यात ७० मिली ‘तेल’ जमलं आणि ‘हे सगळं माझ्या व्हॉल्व्हवर जाऊन बसणार होतं’. त्यावर तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात. जमलेलं बहुतेक पाणी आणि पेट्रोल असणार. डबा किती अडवतो हे डब्यात बघून कळत नाही. कंपनीने आतच तेल वेगळं करायची सोय दिलेली असते, तिच्यापुढे आणखी डबा लावून तुम्ही क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीतला, दाब वाढवला असेल. आणि शेवटी, ‘ही दुकानदारी बंद करा.’

शेवटचं आधी संपवतो. डबा माझ्या पैशाने घेतला, १,८०० रुपयांना. कुणी फुकट दिला नाही, कुणी लिहायला सांगितलं नाही. या एका बाबतीत तुम्ही चुकलात. बाकी तिन्हींत तुम्ही बरोबर होतात, आणि एका ठिकाणी तर तुम्हाला वाटलं त्याहून जास्त.

पाण्यापासून सुरू करतो. तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हा डब्यात ऑक्टोबरपासूनचा २,६०० किमीचा माल होता. तो जॅमच्या रिकाम्या बाटलीत ओतला आणि दोन दिवस कपाटावर ठेवला. ओतताना नुसती मलई दिसत होती, जास्त दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाची. तिसऱ्या दिवशी खाली पिवळट पाण्याचा थर, मध्ये मलई आणि वर बोटभर जाडीचं काळपट तेल. झाकण उघडलं तर वास पेट्रोलचा. वजन ३४ ग्रॅम. गॅसवर तापवायचा विचारही करू नका, कुणीच. पसरट काचेच्या वाडग्यात ओतून ते गच्चीवर उघड्यावर ठेवलं. माश्या पडू नयेत म्हणून वर जाळीचं झाकण. पाच दिवस. (दुधावरची जाळी कुठे गेली यावर आईने घरभर चौकशी केली. ती जाळी आता माझी आहे.) पाच दिवसांनी वजन १५ ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून जास्त उडून गेलं, आणि उरलेल्या १५ ग्रॅमला मी तेल म्हणायला तयार आहे.

पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी चार-पाच किमीच्या फेऱ्या मारल्या की इंजिन धड तापतच नाही. पेट्रोल जळताना तयार होणारी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली जाते आणि बॉनेटखालच्या थंड डब्यात पाणी होऊन बसते. माझे दिवाळीतले ७० मिली तर पावसाळ्यातले होते. त्यात खरं तेल किती होतं ते मी आता सांगू शकत नाही, कारण मी ते फोटो काढून फेकून दिलं. मूळ लेखातलं ते वाक्य खोडलं आहे. पुसलं नाही, वर रेघ मारली आहे, म्हणजे चूकही दिसत राहील.

आता दाब. हा भाग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला, म्हणून जरा लांबण लावतो.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. त्याला बाहेर काढावंच लागतं. फार पूर्वी तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात धुरक्यावर उपाय म्हणून तो परत इंजिनालाच पाजायची पीसीव्हीची (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) सोय सक्तीची होत गेली. टर्बो गाडीत यासाठी दोन वाटा लागतात. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) किंवा हलक्या पायाने चालवताना इंटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम असतो, तेव्हा वायू पीसीव्हीतून तिकडे ओढला जातो. पाय दाबला आणि टर्बो हवा दाबून भरू लागला, म्हणजे बूस्ट आला, की मॅनिफोल्डमध्ये उलटा दाब तयार होतो, ती वाट व्हॉल्व्ह बंद करतो, आणि वायू ब्रीदरच्या नळीतून टर्बोच्या तोंडाशी जातो. माझा डबा या दुसऱ्या वाटेवर आहे.

कारखान्याची ब्रीदर नळी आतून १९ मिमी. डब्यासोबत आलेली नळी १० मिमी. व्यास साधारण निम्मा म्हणजे वाट निम्मी नव्हे, पाव. हे गणित शाळेत शिकलो आणि डबा बसवताना विसरलो. क्लिपा नीट बसल्या, गळती नाही, एवढ्यावर खूश होतो.

मोजायला मी गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली. यू आकारात वाकवून फळीवर बांधली, शेजारी पट्टी चिकटवली आणि आत निळी शाई घातलेलं पाणी भरलं. एक टोक डिपस्टिकच्या (तेलाची पातळी बघायच्या सळीच्या) भोकात घट्ट बसवलं, दुसरं उघडं. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ एक मिलिबार. यूची प्रत्येक बाजू मीटरभर उंच ठेवली, कारण काही इंजिनांत क्रँककेसमध्ये २०-३० मिलिबारचा व्हॅक्यूम असतो आणि नळी आखूड पडली तर पाणी इंजिनात ओढलं जाईल. कुणी करून बघणार असाल तर ही गोष्ट विसरू नका.

आयडलला डबा असो-नसो, १२ सेंमी व्हॅक्यूम. तिथे डब्याचा संबंधच नाही. मग मित्राला शेजारी बसवलं, फळी त्याच्या गुडघ्यांमध्ये, आणि रविवारी पहाटे जुन्या कात्रज घाटात गेलो. दुसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला. डबा काढून कारखान्याची नळी लावलेली असताना ३ सेंमी व्हॅक्यूम. मग डबा लावून तोच चढ. मित्र आधी गप्प होता, मग म्हणाला, “अरे, पाणी उलटं चाललंय.” ६ सेंमी, पण आता व्हॅक्यूम नाही, दाब. तीनदा केलं. एकदा ५ आलं, दोनदा ६.

सहा मिलिबार म्हणजे काही इंजिन फुटत नाही. पण टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या तबकात, परत येतं ते नुसतं आपल्या वजनाने, उताराने. खाली दाब असला की ते रेंगाळतं आणि टर्बोच्या सीलमधून कॉम्प्रेसरकडे, म्हणजे हवेच्या वाटेकडे, पाझरायला बघतं. म्हणजे ज्या डब्याने इंटेकमधलं तेल कमी करायचं, तोच दुसऱ्या दाराने तेल आत ढकलत असू शकतो. तुम्ही प्रतिक्रियेत फक्त ‘सील जातील’ लिहिलं होतंत. टर्बोचं तुम्ही सोडून दिलंत की मला शोधायला ठेवलंत, कोण जाणे.

मग ४,५०० रुपये घालून १९ मिमी तोंडांचा, आत पडदे असलेला दुसरा डबा घेतला. तोच घाट, तोच मित्र, फळीही तीच: २ सेंमी व्हॅक्यूम. इथे थांबलो. पहिला डबा गॅरेजवाल्याने ग्राइंडरने उभा कापून दिला, तर आत काही नाही. एक रिकामा ॲल्युमिनियमचा डबा, येणारी आणि जाणारी नळी वरच शेजारी शेजारी. वायू एकीतून आला आणि दुसरीतून गेला. जे भिंतीला चिकटलं तेवढंच माझ्या वाट्याला. असा डबा ज्यांच्याकडे आहे त्यातले काही जण त्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबतात. करू नका. तिचे बारीक तुकडे सुटतात आणि पुढे टर्बोचं पातं मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेत असतं.

डब्यापुढे काय जातं, हा तुमचा खरा प्रश्न. त्यासाठी मित्राचा माझ्या नव्या डब्यासारखाच एक डबा उसना घेऊन माझ्या डब्यामागे जोडला, एकापुढे एक, आणि ते दोन्ही घेऊन १,१०० किमी फिरलो. पहिल्यात १३ ग्रॅम, दुसऱ्यात ४. गच्चीवर वाळवून पहिल्यात ६ उरले, दुसऱ्यात जेमतेम १. माझा वजनकाटा स्वयंपाकघरातला, एकेका ग्रॅमचा आहे, त्यामुळे त्या १ वर घर बांधू नका. तरी माझा नवा डबा बऱ्यापैकी अडवतो असं दिसतं. मात्र दोघांनाही चुकवून गेलेली बारीक वाफ किती, ते या पद्धतीने कळत नाही. आणि १,१०० किमीमध्ये ७ ग्रॅम म्हणजे किती? काही उत्पादकांची मॅन्युअलं हजार किमीला अर्धा लिटर तेल खाणंही चालतं असं सांगतात. त्यापुढे हे काहीच नाही.

आता तुम्ही न काढलेली चूक मीच सांगतो. माझ्या इंजिनात पहिली वाट, म्हणजे व्हॅक्यूमची, सिलिंडर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) आतूनच जाते. मध्ये नळीच नाही, त्यामुळे तिथे डबा बसवायला जागाच नाही. शहरात, सिग्नल ते सिग्नल, माझी गाडी बहुतेक वेळ व्हॅक्यूममध्येच असते. म्हणजे सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये माझा साडेचार हजारांचा डबा आराम करत असतो आणि तेलाचा धूर त्याला न विचारता मॅनिफोल्डमध्ये जातो. डबा जागा होतो तो घाटात आणि एक्स्प्रेसवेवर ओव्हरटेक करताना.

दिवाळीच्या लेखात टाकलेल्या व्हॉल्व्हच्या फोटोवरून काही सिद्ध होत नाही, हेही खरं आहे. तो ४४,००० किमीचा, सहा इंटेक व्हॉल्व्हपैकी एकाचा, आणि आधीचा फोटो नाही. ‘बघा किती स्वच्छ’ म्हणायला मला तोंडच नव्हतं. शिवाय व्हॉल्व्हच्या मागे काजळी धरते ती फक्त ब्रीदरच्या तेलाने नाही. व्हॉल्व्हच्या दांड्याच्या सीलमधून उतरणारं तेल असतं, सिलिंडरमधून उलटा येणारा जळका वायू असतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर पडून ती धुवत नाही, म्हणून हे सगळं तिथे भाजून बसतं. डबा यातल्या एकाच वाटेवर उभा आहे. (ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी: तुमची टर्बो गाडी मल्टिपॉइंट इंजेक्शनची असेल तर व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जातात, त्या कारणासाठी डब्यावर एक रुपयाही घालू नका.)

एका मुद्द्यावर मात्र मी मागे हटत नाही. ‘कंपनीने सोय दिली आहे, पुरेशी आहे’ हे तुम्ही ज्या ठामपणे लिहिलंत, त्यालाही मोजमाप लागेल की. कंपनीच्या सोयीतून पार होऊनच तर ते ६ ग्रॅम माझ्या डब्यात आले. ते पुरेसे कमी आहेत का, यावर वाद घालू, पण शून्य नाहीत.

माझं मत विचाराल तर वॉरंटीत असलेल्या गाडीला डबा लावू नका, टर्बोचा क्लेम अडायला तेवढं निमित्त पुरतं. वॉरंटी संपली असेल तरी आधी इंजिन ऑइलच्या बाटलीमागचं लेबल वाचा. छोट्या टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर जोर दिला की ठिणगीआधीच मिश्रण पेटायची जी भानगड आहे, तिच्यासाठी एपीआयने (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) २०१८मध्ये एसएन प्लस आणि २०२०मध्ये एसपी हा दर्जा आणला. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं स्पेसिफिकेशन जुळत असेल आणि वर नोआकचा आकडा कमी असेल तर उत्तम. ते तेल २५० अंशांवर तासभर तापवलं की किती टक्के उडतं, तो हा आकडा. जे कमी उडतं ते ब्रीदरमध्येही कमी जातं. दहा हजारऐवजी साडेसात हजारला बदला. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग, नीट तापेपर्यंत चालवा. याने डब्यापेक्षा जास्त फरक पडेल असं मला आता वाटतं.

एवढं करूनही डबा लावायचाच असेल तर नळी कारखान्याच्या मापाची घ्या, आणि दुसरं टोक परत इंटेकलाच जोडा. डब्यावर छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडायची जी फॅशन आहे, ती करू नका. क्रँककेसचा वायू हवेत जाऊ नये याची पेट्रोल गाड्यांच्या मान्यतेत वेगळी चाचणी असते, आणि ज्या इंजिनांत हवा सेन्सरने मोजली जाते तिथे मिश्रणाचा हिशेबही बिघडतो. पावसाळ्यात डबा हजार किमीला रिकामा करा. भरलेला डबा लावण्यापेक्षा न लावलेला बरा, कारण भरला की साठलेलं सगळं एका घोटात पुढे जातं.

मग मी माझा काढला का? नाही. बॉनेट उघडायला मला आवडतं, एवढंच कारण आहे, आणि ते आता लपवत नाही. ६०,००० किमीला मॅनिफोल्ड उतरवून सहाही व्हॉल्व्हचे फोटो काढणार आहे, चांगले दिसोत की वाईट.

लेव्हलची नळी अजून डिकीत आहे, शाईच्या पाण्यासकट. तुम्ही पुण्यात असाल आणि तुमच्या गाडीच्या ‘पुरेशा’ सोयीवर लावून बघायची असेल तर कळवा. फळी धरायला मित्र तयार आहे. त्याची अट एवढीच, की खाली उतरल्यावर मिसळ तुमच्याकडून.