आख्खा शिसवीचा तंबोरा कुणी पाहिलाय?

गाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. खरा मिरजेचा तंबोरा आख्खा शिसवीचा. लाकूड जितकं जड तितका आवाज गोड. पाण्यात बुडेल तीच अस्सल शिसव. आणि शिसवीवर जगभर बंदी, म्हणून हल्लीचे तंबोरे सगळे नकली. खाली 'पुढे पाठवा' आहेच.

आख्खा शिसवीचा? मिरजेच्या सतारमेकर गल्लीत अर्धवट झालेलं काम बघून या. खालचा घेर लाकडाचा नसतोच, तो वाळवलेला भोपळा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला. भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी तबली नि दांडी बहुतेक तूनची, म्हणजे शिसवीपेक्षा बऱ्याच हलक्या लाकडाची. तार छेडली की घोडीवाटे, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावाटे, तबली थरथरते, तीच आतली हवा हलवते. जड, जाड तबली हलवायचा जोर तारेत कुठून येणार?

जड लाकूड लागतं ते घोडीला. ती नरम असली तर तार तिच्यात खाच पाडते आणि जवारी, म्हणजे तारेचा तो झणकार, जाते. म्हणून घोडी शिसवीची, आबनूसची, नाहीतर हाडाची. तिची पाठ कानशीने किंचित उतरती घासतात. तारेखाली सूत घालून ते मागेपुढे सरकवत गेलं की एका जागी झणकार उघडतो. कानस जरा जास्त चालली की आवाज मिटला! तंबोऱ्याची किंमत मी या एवढ्याशा पट्टीवर ठरवीन, वजनकाट्यावर नाही.

पाण्याची परीक्षा सोडा. वाळलेली शिसव तरंगते. बुडतं ते आबनूस. (विडीची पानं देणारी आपली टेंभुर्णी त्याच कुळातली.)

बंदीचं प्रकरण अर्धंमुर्धं खरं, म्हणून जास्त पसरतं. २०१७ पासून शिसवीचं सगळं कूळ साइट्स करारात (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) आलं, पण बहुतेक जातींना परवान्याची अट लागली. व्यापारावर बंदी आहे ती ब्राझीलच्या शिसवीच्या, तीही १९९२ पासून. परदेशात वाद्यं पाठवणाऱ्यांना कागदपत्रांचा जाच झाला खरा; मग २०१९ मध्ये ब्राझीलची जात वगळून बाकी शिसवीच्या तयार वाद्यांना सूट मिळाली. शिवाय करार देशोदेशींच्या व्यापाराचा. मिरजेहून सांगलीला तंबोरा आणताना त्याची आठवण कशाला?

राहिलं 'नकली'. मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. दुसरीकडे बनवून मिरजेचं नाव लावणाऱ्याला नकली म्हणा, तूनच्या दांडीला नको.