जरा नजर टाकता का?

"सखोल वगैरे काही नको, नुसती एक कर्सरी नजर टाका," असं कोणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण पाठोपाठ टेबलावर जे आदळतं ते उशाला घेऊन झोपता येईल इतकं जाड असतं. बरं, सांगितलंय तशीच नजर मी टाकतो. पहिलं पान, शेवटचं पान, वाटेत एखादा तक्ता. मग त्या मजकुरात कुठेतरी घोळ निघतो आणि तीच व्यक्ती भर मीटिंगमध्ये म्हणते, "यांचं वाचन अगदीच कर्सरी होतं हो!" म्हणजे मागताना जो विनय, तोच निकाल देताना ठपका. ऑर्डर त्यांची, माल बरहुकूम, तरी तक्रार आहेच.

दोष 'कर्सरी' या शब्दाच्या रक्तातच असावा. लॅटिनमधलं 'कुर्रेरे' म्हणजे धावणं. त्याचं सगळं खानदानच धावरं: कुरिअर, पडद्यावर लुकलुकणारा कर्सर. (कर्सर संगणकाच्याही आधीचा बरं का, स्लाइड रूल या आकडेमोडीच्या जुन्या पट्टीवरच्या सरकत्या काचेलाही हेच नाव होतं.) करिक्युलमही त्याच घरातला, हे कळलं तेव्हा परीक्षेच्या तोंडावर पोर्शन कसा 'संपवला' जायचा याचा उलगडा झाला. सर धर्म पाळत होते.

काहीजण 'पर्फंक्टरी'लाही (म्हणजे उरकायचं म्हणून उरकलेल्या कामालाही) याच दावणीला बांधतात. ते मला पटत नाही. कर्सरी माणसाला निदान घाई असते. त्याला वेळ दिला तर तो नीट वाचेलही. पर्फंक्टरीला घाई लागतच नाही. चहा घेत, चष्मा पुसत, दुपारभर निवांत पाट्या टाकता येतात. प्रत्येक पानावर बरोबर टिक असते, फक्त डोकं पानावर नसतं. असा माणूस कधी पकडला जात नाही, कारण त्याने 'वेळ दिलेला' असतो. पकडला जातो तो धावणारा.

म्हणून हल्ली मी कागद हातात घेण्याआधी विचारून घेतो, "नक्की कसं वाचू? धावत की बसून?"

परवा उत्तर आलं, "छे छे, शब्द न् शब्द वाचा. फक्त पाचच्या आत द्या."

घड्याळात पावणेपाच झाले होते.