दात घासल्यावर चूळ भरू नका, नुसतं थुंका

दात घासून झाले की तीन-चार चुळा खळखळून भरायच्या, ही सवय अंगात इतकी मुरलेली असते की तिच्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. पण फ्लोराइडची पेस्ट वापरणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, ही सवय मोडा. फेस नीट थुंकून टाका आणि तिथेच थांबा. पुढचा अर्धा तास पाणीसुद्धा नको.

कारण फ्लोराइड नेमकं कसं काम करतं ते पाहा. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचं असतं. दातावरच्या थरातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. तिथला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की हे स्फटिक विरघळू लागतात. लाळ ते आम्ल हळूहळू निवळवते आणि निघून गेलेलं कॅल्शियम-फॉस्फेट परत बसवते. ही झीज-भरपाई दिवसभर चालू असते. झीज जास्त आणि भरपाई कमी असं महिनोन्‌महिने चाललं की दात किडतो.

त्या वेळी तोंडात थोडंसं फ्लोराइड असलं तर ते स्फटिकांना चिकटून झीज मंद करतं आणि भरपाईचा वेग वाढवतं. शिवाय नव्याने बसलेला थर जास्त चिवट असतो, तो साधारण ४.५ पीएचपर्यंत टिकतो. मात्र आम्लाचा हल्ला होतो तेव्हा फ्लोराइड तिथे हजर हवं. म्हणून एकदाच भरपूर देण्यापेक्षा रोज थोडं आणि जास्त वेळ, हेच दाताला मानवतं. चुळा भरल्या की नेमकं हे हजर असणंच संपतं.

रात्रीचं घासणं मी सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं मानतो. झोपेत लाळ खूप कमी होते, म्हणजे दाताचा नैसर्गिक रखवालदार रजेवर असतो. दोन मिनिटं घासा, थुंका, झोपा.

पेस्ट घेताना जाहिरात बाजूला ठेवून मागची बारीक अक्षरं वाचा. मोठ्यांसाठी १,००० ते १,५०० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड हवं. कधी कधी पीपीएम लिहिलेलं नसतं, टक्केवारी असते: सोडियम फ्लोराइड ०.२२ टक्के किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट ०.७६ टक्के म्हणजे सुमारे १,००० पीपीएम. फ्लोराइडचा उल्लेखच नसेल तर ती पेस्ट दात स्वच्छ करेल, पण वर सांगितलेलं काम तिच्याकडून होणार नाही.

फ्लोराइडच्या माउथवॉशबद्दलही एक गैरसमज आहे. रोजच्या वापराच्या माउथवॉशमध्ये साधारण २२५ पीपीएमच असतं. म्हणजे घासल्यावर लगेच वापरलात तर जास्त ताकदीचं धुऊन कमी ताकदीचं लावता. वापरायचाच तर दुपारी, जेवणानंतर वापरा.

मुलांच्या बाबतीत प्रमाण फार जपा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, आणि ती मोठ्या माणसाने लावून द्यायची. मुलं पेस्ट गिळतात, आणि हिरड्यांच्या आत कायमचे दात घडत असताना पोटात जास्त फ्लोराइड जात राहिलं तर त्या दातांवर पांढरे डाग किंवा रेघा उमटतात. हा फ्लोरोसिस. १,००० पीपीएमच्या तांदळाएवढ्या पेस्टमध्ये जेमतेम ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, तेव्हा घाबरून पेस्टच बंद करणं मला चुकीचं वाटतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असेल तर चिंता रास्त आहे, पण तिथे आधी बदलायला हवं ते पाणी.

फ्लोराइडच्या मर्यादाही सांगायलाच हव्यात. खडूसारखा पांढरा डाग, म्हणजे किडीची सुरुवात, त्याने थांबू शकते, पुष्कळदा मागेही फिरते. खड्डा पडला की मात्र तो भरून येत नाही. दाढांच्या खोल खाचांत ब्रशचे केसच पोचत नाहीत, तिथे सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ थर, दंतवैद्यांकडून लावून घेणं चांगलं. आणि दर तासाला गोड चहाचा घोट घेत राहिलं तर भरपाईला वेळच मिळत नाही.

तोंड सतत कोरडं पडणाऱ्यांनी, दातांना तारा असणाऱ्यांनी आणि हिरड्या उतरून मुळं उघडी पडलेल्यांनी दंतवैद्यांना फ्लोराइड वार्निशबद्दल, म्हणजे दातांवर लावायच्या फ्लोराइडच्या लेपाबद्दल, जरूर विचारावं. मुळाचा भाग इनॅमलपेक्षा सौम्य आम्लातही विरघळतो. वार्निशमध्ये २२,६०० पीपीएम असतं, दर तीन ते सहा महिन्यांनी त्याचा पातळ थर देतात. त्यानंतर काही तास कडक किंवा गरम खायचं नाही आणि त्या रात्री ब्रश करायचा की नाही, हे तिथेच विचारून घ्यायचं.